चटईखालची जागा

फुआतिनोबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला की आमच्या बेटांच्या राजधानीतल्या, अपियाच्या, कोर्टातले पंखेसुद्धा हळू फिरायला लागतात, असं तिथले कारकून म्हणत. त्यात अतिशयोक्ती असेलही, पण फार नाही. समोरचे वकील उभे राहण्याआधी घोटभर पाणी पिऊन घेत आणि मनातल्या मनात प्रार्थना करत. अशा या बाईंनी आपल्या वकिलीतलं सगळ्यांत मोठं काम मात्र तोंडातून चकार शब्द न काढता केलं, आणि तेही फुकट. हे ऐकून त्यांचे कोर्टातले सोबती अजूनही मान हलवतात.

बाई पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. कानामागे फूल रोज ताजं. कापडाच्या दुकानावर एक खोली, तिथं त्यांचं ऑफिस. सोमवार ते शुक्रवार पोटासाठी काम करायचं आणि शनिवारी किनाऱ्यावरच्या गावांत जायचं, हा त्यांचा बारा महिन्यांचा नेम. अपियातल्या पाचसहा वकिलांनी मिळून हा उद्योग सुरू केला होता. किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी झोपड्या बांधणाऱ्या घरांना नियम लिहून द्यायचे, समुद्रापासून किती आत बांधायचं ते ठरवून द्यायचं, प्रवाळावर कुणी पाय ठेवायचा आणि कुणी नाही हे गावाच्या पंचांकडून पक्कं करून घ्यायचं, आणि एखादी कंपनी जाडजूड कागद घेऊन आली तर त्या कागदाच्या पोटात काय आहे ते गावाला त्याच्या भाषेत सांगायचं. फी नाही. गावकरी तारोच्या, म्हणजे अळूसारख्या, कंदांची टोपली देत, ती मांडीवर घेऊन बाई लाकडी बसमधून घरी येत. बसमध्ये जागा नसली तर एखाद्या तरण्या पोराच्या मांडीवर बसत, जशी आमच्याकडे पद्धतच आहे, आणि त्या पोराला शहरापर्यंत कायदा शिकवत.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "घरी बसले तर नवऱ्याशी भांडेन. त्यापेक्षा हे बरं." खरं कारण त्या सहसा सांगत नसत. पलीकडच्या सवाई बेटाच्या किनाऱ्यावर त्यांच्या आईच्या चार झोपड्या होत्या. शेजारच्या पुळणीवर एका कंपनीला दगडी भिंत बांधायची होती, आणि त्यासाठी आईची संमती हवी होती. कंपनीचा माणूस आईच्या चटईवर बसला, तिच्या हातचं जेवला, तिच्या नातवंडांना खेळवलं. जेवल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आईनं न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही केली. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. भिंतीवर आपटून वळलेल्या लाटांनी दोनचार वर्षांत आईच्या पुळणीवरची वाळू ओढून नेली आणि झोपड्या उघड्या खडकांवर उभ्या राहिल्या. आईला कुणी बोल लावला नाही. आई मरेपर्यंत रोज संध्याकाळी त्या खडकांकडे तोंड करून बसे. फुआतिनोबाई तेव्हा परदेशात कायदा शिकत होत्या. पुस्तकातला सगळा कायदा पाठ होता, आणि घरचा किनारा गेला होता.

एका सोमवारी सकाळी वायतोआ गावची लोसा त्यांच्या ऑफिसात आली. वायतोआ म्हणजे आपल्या उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. लोसा चाळिशीची विधवा, खाडीच्या काठी पाहुण्यांसाठी तिच्या सहा झोपड्या. येताना तिनं केळीच्या पानात गुंडाळून पालुसामी आणली होती, नारळाच्या दुधात भाजलेली तारोची पानं. बाईंनी आधी पालुसामी खाल्ली, मग विचारलं, "हं. किती मोठं संकट आहे? कारण पालुसामी फारच चांगली झालीय."

लोसानं सांगितलं ते असं. डग्लस नावाचा एक पालांगी, म्हणजे गोरा परदेशी, दर उन्हाळ्यात तिच्याकडे उतरायला यायचा. हौशी माणूस, मनमोकळा, पोरांना फुगे वाटणारा. मागच्या चक्रीवादळात वायतोआच्या देवळाचं छप्पर उडालं, ते त्यानं स्वतः उभं राहून नवं घातलं. गावाला गहिवरून आलं. लोसाचे मामा लेफाओ, घराण्याचे कर्ते आणि पंचक्रोशीत गाजलेले वक्ते, यांनी जाहीर केलं की या माणसाला आपल्या घराण्यातलं एक नाव द्यायचं. मग डुकरं भाजली, आवा हे मुळांचं मानाचं पेय घोळलं, बारीक विणीच्या चटया अंगणात पसरल्या, आणि डग्लसला 'तुलीमा' हे नाव मिळालं. तो मताई झाला, घराण्याचं नाव धारण करणारा. त्या दिवशी तो लहान मुलासारखा रडला होता.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता तो म्हणतो, मीही या घराचा मताई आहे, जमिनीवर माझाही शब्द चालतो. त्यानं एक कंपनी आणलीय. खाडीच्या तोंडावरची तिवरं तोडायची, तिथं धक्का बांधायचा, पाण्यात खांब रोवून त्यावर खोल्या. कंपनीच्या कागदावर घराण्याच्या वतीनं त्यानं संमती दिली. तुलीमा म्हणून."

"तिवरं तोडणार?"

"बाई, त्या वादळात पलीकडच्या गावातली घरं धुऊन गेली. आमच्याकडे पाणी आलं, पण तिवरांतून येईपर्यंत दमून गेलं होतं. चुलीपर्यंत आलं आणि परत फिरलं. पाहुणेही आता त्या तिवरांसाठीच येतात, होडीतून फिरतात, खेकडे बघतात. ती गेली तर पहिल्या वादळात गाव जाईल, आणि झोपड्या त्याच्याही आधी."

"वा!" बाई म्हणाल्या. "लोकांना बोट दिलं तर ते हात धरतात. तुम्ही तर खांद्यापासून कापून ताटात वाढलात. मामा काय म्हणतात?"

"मामा काही म्हणत नाहीत. सकाळपासून काथ्याची दोरी वळत बसतात. घरात दोरीचा डोंगर झालाय."

जमिनीचे आणि नावांचे तंटे आमच्याकडे वेगळ्या कोर्टात जातात, आणि त्या काळी त्या कोर्टात वकिलाला तोंड उघडायची परवानगी नव्हती. घराण्याचं भांडण घराण्यातल्याच माणसानं, घराण्याच्या भाषेत मांडायचं. न्यायाधीशही जाणते मताईच. वकिलानं फार तर मागच्या बाकावर बसून वारा घ्यावा. बाईंचा सोबती आलापाती हे ऐकून इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. "फुआतिनो, अगं, तू आणि गप्प? तुझ्या नवऱ्याला सांगू का? त्यालाही घेऊन ये बघायला, तिकीट लावू!"

"हस, हस," बाई म्हणाल्या. "मी बोलणार नाही. बोलायला शिकवीन."

इथंच बाईंचं गणित चुकलं. ज्यांना शिकवायचं ते लेफाओ म्हणजे साठ वर्षं बोलण्यावरच जगलेले. लग्न असो, मर्तिक असो, नव्या देवळाचा पाया असो, लेफाओ काठीवर रेलून उभे राहिले की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या तयारीतच असत. त्यांच्या बोलण्यात पूर्वजांची नावं, पक्षी, वारे, जुन्या लढाया सगळं यायचं. फक्त एक शब्द कधी यायचा नाही, तो म्हणजे 'नाही'.

दर शनिवारी दुपारी त्यांच्या भिंती नसलेल्या घरात तालीम सुरू झाली. बाई न्यायाधीश व्हायच्या, लोसा डग्लस व्हायची, आणि लेफाओ लेफाओच राहायचे.

"काका, मी विचारते, तुम्ही यांना नाव दिलंत का? तर तुम्ही काय म्हणायचं?"

लेफाओ घसा खाकरत. "दूरच्या समुद्रावरून, जिथं सूर्य आपले पाय धुतो तिथून आलेल्या या थोर पाहुण्याच्या..."

"काका!"

"अगं, अजून सुरुवात आहे."

"थोर पाहुणा कशाला? तो तुमची जमीन घ्यायला आलाय! सरळ म्हणा, नाव मानाचं दिलं, जमिनीचा हक्क दिला नाही. दोन वाक्यं."

"दोन वाक्यांत मी कोंबडीसुद्धा हाकलत नाही, मुली."

लोसा तोंडावर हात धरून हसायची. बाई कपाळावर हात मारायच्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा थोर पाहुणा, पुन्हा समुद्र आणि सूर्याचे पाय. एकदा तर तालमीत लेफाओंनी डग्लसचं इतकं सुंदर वर्णन केलं की डग्लस झालेल्या लोसालाच रडू आलं. शेवटी बाईंनी विचारलं, "काका, तुम्हाला अडतंय कुठं?"

लेफाओंच्या मांडीवर काथ्या वळत होता. तो थांबला. "वकीलबाई, ते नाव माझ्या तोंडातून गेलं. सगळ्या गावासमोर. आज मी ते परत घेतलं, तर उद्या कुणाच्या लग्नात, कुणाच्या मर्तिकात माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला कोण विचारील? तुमच्याकडे कागद असतो. माझ्याकडे तोंडच आहे."

बाईंनी हे ऐकून घेतलं. पण त्या वकील असल्यामुळे तालीम चालूच राहिली.

पहिल्या सुनावणीला जे व्हायचं तेच झालं. बाई मागच्या बाकावर, हातात विणलेला पंखा. लेफाओ उठले आणि त्यांच्यात साठ वर्षांची सवय संचारली. डग्लसनं घातलेलं छप्पर, त्याची माया, त्याच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं त्यांनी असं उभं केलं की समोरच्या बाजूला वेगळं बोलायची गरजच उरली नाही. डग्लसचा दुभाषी कौतुकानं मान डोलावत होता. बाई मूग गिळून बसल्या होत्या. पंख्याच्या कडेच्या काड्या त्यांनी दातांनी कुरतडून सोडल्या. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "गुरुवारी आम्ही जागा बघायला वायतोआला येऊ. पुढचं बोलणं तिथंच."

बाहेर समुद्राच्या बांधावर आल्याबरोबर इतका वेळ कोंडलेलं सगळं बाईंच्या तोंडून बाहेर पडलं. "काका, डग्लसनं पैसे देऊन माणूस लावला असता तरी त्यानं एवढं केलं नसतं! तुम्हाला गाव वाचवायचंय का स्वतःचं कौतुक ऐकायचंय? आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण कधीतरी चावायला नको?"

लेफाओ वळले. काठी टेकत बसकडे चालू लागले. लोसाचा चेहरा मात्र पांढरा पडला. "बाई," ती हळूच म्हणाली, "मामांशी असं कुणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नाही. तुम्ही आमच्यासाठी फुकट झिजता हे खरं. पण म्हणून नाही बोलायचं असं."

बाईंना ते लागलं. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या असतील. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप घालून त्या वायतोआच्या बसमध्ये बसल्या.

लेफाओ घरी एकटेच होते. बाई घराच्या कडेला, खांबापाशी, अगदी बाहेरच्या चटईवर मांडी घालून बसल्या. ती जागा माफी मागायला आलेल्याची. लेफाओंनी बघितलं, काथ्या वळत राहिले. मग म्हणाले, "आत ये. तिथं ऊन लागतं."

बाई आत आल्या. कोको आला. दोघांनी पेले रिकामे केले.

"एक विचारू?" लेफाओ म्हणाले. "तू पैसे घेत नाहीस. नातं लागत नाही. मग येतेस कशाला?"

एरवी बाईंनी नवऱ्याचा विनोद सांगितला असता. त्या दिवशी त्यांनी आईची गोष्ट सांगितली. चटईवर बसलेला पाहुणा, सही, भिंत, वाळू, खडक. लेफाओ ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या आईला कुणी रागावलं?"

"नाही हो. बिचारीला कोण रागावणार? आम्ही सगळे म्हणायचो, तुझी काही चूक नाही."

"अरेरे," लेफाओ म्हणाले. "मग फार जड गेलं असेल तिला."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आईला जड का गेलं, याचा त्यांनी इतकी वर्षं विचार केला होता, कायद्यानं केला होता, रागानं केला होता. हा विचार त्यांच्या डोक्यात कधीच आला नव्हता. आईला 'मी चुकले' असं म्हणायचं होतं, आणि सगळ्यांनी मायेनं तिचं तोंड बंद केलं होतं. बाईंना तिथंच रडू फुटलं. लेफाओंनी त्यांना रडू दिलं.

निघताना बाई म्हणाल्या, "काका, मी शिकवलेलं सगळं विसरा. गुरुवारी तुमच्या रीतीनं बोला. हरलो तर हरलो."

"माझ्या रीतीनं बोललो तर तू चिडतेस."

"चिडेन. पण बोलणार नाही."

गुरुवारी न्यायाधीश आले. आधी तिवरांत जाऊन आले, पांढऱ्या शर्टांना चिखल लागला. मग गावच्या बैठकीच्या घरात खांबांना पाठ टेकून बसले. सगळं गाव भोवती चटयांवर. डग्लसला मांडी घालून बसता येत नसे म्हणून त्याला प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती, शेजारी दुभाषी. लोसा घराण्याच्या बायकांत पुढे बसली होती. तिची आई, म्हणजे लेफाओंची बहीण, वारल्यापासून बहिणीचा मान तिच्याकडे आला होता, आणि आमच्याकडे भावाच्या घरात बहिणीच्या शब्दाइतकं वजन कशालाच नसतं. फुआतिनोबाई सगळ्यांत मागे, हातात नवा पंखा.

थोरल्या न्यायाधीशांनी विचारलं, "लेफाओ, तुलीमा हे नाव या माणसाला तुम्ही दिलंत?"

"दिलं," लेफाओ म्हणाले.

पुढचा थोर पाहुणा आणि सूर्याचे पाय येतील म्हणून गाव सावरून बसलं. आलं काहीच नाही. लेफाओ उठले. कोपऱ्यातली पिढीजात चटई त्यांनी घेतली, बारीक विणीची, रेशमासारखी मऊ झालेली, तांबड्या पिसांच्या कडेची. ती घेऊन ते घराबाहेर उन्हात गेले, अंगणाच्या मध्यावर लोसाच्या समोर गुडघे टेकून बसले, मान खाली घातली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

हे काय आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. खून झाला, अब्रू गेली, असं काही मोठं घडलं की गुन्हेगाराच्या घरचे लोक असे चटईखाली बसतात. ज्याचं नुकसान झालं त्यानं येऊन चटई उचलायची, नाहीतर उन्हात बसू द्यायचं, नाहीतर पूर्वी कधी घडायचं तसं दगड मारायचे. पण साठ वर्षं दुसऱ्यांसाठी बोललेला हा माणूस आपल्याच भाचीसमोर बसेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"नाव मी दिलं," चटईखालून आवाज आला. लहानसा, ओळखू न येणारा. "नावाबरोबर काय येतं ते त्याला सांगितलं नाही. माझं कौतुक व्हावं म्हणून घाई केली. बहिणीच्या लेकीची खाडी मी धोक्यात घातली. चुकलो."

मागे बसलेल्या बाई अर्ध्या उठल्या होत्या. त्यांच्यातला वकील ओरडत होता की अहो, कबूल काय करताय, कोर्टासमोर चूक कबूल करतात का? शब्द जिभेवर आला होता. त्यांनी पंख्याची कड दातांत धरली आणि पुन्हा खाली बसल्या. माझ्या मते बाईंच्या सगळ्या वकिलीत याहून अवघड काही नव्हतं.

मग घराण्यातला एक मताई उठला. तो वायतोआच्या बसचा ड्रायव्हर, गुरुवारी बस बंद ठेवून आला होता. तो अंगणात गेला आणि लेफाओंच्या शेजारी गुडघे टेकून बसला. चटईची कड त्यानं आपल्या डोक्यावर घेतली. मागून दुसरा गेला, नारळाच्या वाडीवाला. मग तिसरा, दम्याचा म्हातारा, ज्याला धड वाकताही येत नव्हतं. कुणी कुणाला बोलावलं नाही. घराण्याच्या कर्त्यानं चूक केली की घराण्याचे सगळे मताई त्या चटईखाली येतात, हे सांगावं लागत नाही.

डग्लस खुर्चीवर बसून होता. त्यानं काळजीनं दुभाषाला विचारलं, "काय झालं? म्हाताऱ्याला ऊन लागलंय का? कुणीतरी पाणी द्या त्यांना." हे तो मनापासून म्हणाला. माणूस वाईट नव्हताच.

थोरले न्यायाधीश लेफाओंकडे बघत नव्हते. ते खुर्चीकडे बघत होते.

लोसानं वेळ घेतला. तिला राग होता आणि तो तिनं लपवला नाही. ऊन चढलं, चटईखालून दम्याच्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. मग ती उठली, अंगणात गेली, चटई उचलली, आणि मामांचं डोकं आपल्या खांद्याला लावून धरलं. गावातल्या बायकांनी मोठ्यानं रडायला सुरुवात केली. मागच्या ओळीत फुआतिनोबाईही रडत होत्या, पण त्या वायतोआसाठी रडत नव्हत्या. त्यांच्या आईसाठी कुणी चटई उचलली नव्हती, म्हणून रडत होत्या.

सगळे परत आपापल्या जागी बसल्यावर थोरल्या न्यायाधीशांनी डग्लसला एकच प्रश्न विचारला. "तुलीमा, तुमच्या घराचे कर्ते क्षमा मागत होते, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

दुभाषानं सांगितलं. डग्लस गोंधळला. "मी? मी इथंच होतो. खुर्चीवर. चूक माझी नव्हती ना."

"चूक त्या तिघांचीही नव्हती," न्यायाधीश म्हणाले.

दुभाषी हे सांगायला जरा घुटमळला. सांगितल्यावर डग्लसनं अंगणाकडे बघितलं, ड्रायव्हरच्या गुडघ्यांना लागलेल्या मातीकडे बघितलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा लाल झाला.

निकाल थोड्या दिवसांनी आला. नाव मानाचं होतं. जमिनीवर, खाडीवर, तिवरांवर त्याचा शब्द चालत नाही. कंपनीला दिलेली संमती रद्द. त्याच्या आधीच डग्लसनं नाव परत केलं होतं, स्वतः येऊन, लेफाओंच्या घरी, या वेळी चटईवर बसून. पाय अवघडले तरी उठला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा लोसाच्या झोपडीत उतरला, साधा पाहुणा म्हणून. फुगेही आणले होते.

बाई आणि त्यांच्या सोबत्यांनी मग गावाबरोबर बसून खाडीचा नियम लिहिला. तिवरं कुणी तोडायची नाहीत, गावातल्यांनी नाही आणि बाहेरच्यांनी नाही, कुठलंही नाव असलं तरी नाही. लेफाओंनी तो पंचांसमोर वाचून दाखवला. सुरुवात सूर्याच्या पायांपासूनच झाली, पण 'नाही' हा शब्द त्यांनी प्रत्येक वेळी स्पष्ट उच्चारला.

नियम मंजूर झाला त्या रविवारी देवळानंतर मोठं जेवण होतं. डुकरं भाजली होती, कच्ची मासळी नारळाच्या दुधात, पालुसामीचे ढीग. जेवण उरकल्यावर लेफाओ काठी टेकून उभे राहिले. गावाला गहिवर आला होता, आणि या गावाला गहिवर आला की काय होतं ते आता वाचणाऱ्यालाही कळलं असेल.

"दूर अपियाहून," लेफाओ म्हणाले, "जिथं कोर्टाचे पंखे फिरतात तिथून आलेल्या या थोर मुलीला आमच्या घराण्यातलं एक रिकामं नाव..."

"काका!" बाई जागेवरून ओरडल्या. इतक्या आठवड्यांचं सगळं मौन त्या एका शब्दात सुटलं. "अहो, काही शिकलात की नाही? परत नाव? परत डुकरं, परत चटया? उद्या मी आले आणि म्हटलं की खाडीत माझं ऑफिस बांधा, तर?"

सगळं गाव हसून लोळलं. ड्रायव्हरच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. लेफाओही हसले, पण खाली बसले नाहीत.

"बरं," ते म्हणाले, "नाव नको. मग काय देऊ? तारोची टोपली घेऊन तू किती दिवस जाणार? काहीतरी माग."

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. हसणं हळूहळू विरलं. या बाईंना शब्द सापडत नाहीत हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"पुढच्या वेळी चुकलात," बाई म्हणाल्या, "तर त्या चटईखाली माझ्यासाठी थोडी जागा ठेवा."

लेफाओ काठीवर तसेच रेलून राहिले. त्यांनी उत्तरादाखल भाषण केलं नाही, एक ओळसुद्धा नाही. खाली बसले, आपल्या चटईवर थोडे सरकले, आणि शेजारची जागा हातानं थोपटली. बाई उठल्या, वाकून सगळ्यांच्या समोरून गेल्या आणि तिथं जाऊन बसल्या. लोसानं त्यांच्या पुढ्यात पालुसामीचं पान ठेवलं. अपियाची बस अंगणाबाहेर उभी होती. तिला कुठली घाई, तिचा ड्रायव्हर अजून जेवत होता.